तीन नंबरची लाल वायर

वॉशिंग मशीनचं दार बिघडलं तेव्हा घरात चांगला बावीस वर्षं मुरलेला मेकॅनिक हजर होता. तो चहा पीत होता. बायकोने हाक मारली तसा तो उठला, मशीनपाशी आला, दाराच्या काचेवर एक टिचकी मारली आणि म्हणाला, "रविवारी बघतो."

त्या रविवारची वाट पाहणाऱ्या वस्तू या घरात बऱ्याच होत्या. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा दीड वर्ष पाहत होता. बाल्कनीच्या दाराची कडी तर वाट पाहून पाहून गळूनच पडली होती. आणि हाच माणूस बाहेर मात्र असा, की कुठल्या इमारतीची लिफ्ट मधल्या मजल्यावर अडकली की लोक ऑफिसात फोन करून सांगत, "दुसरं कुणी नको, त्यांनाच पाठवा." सोसायटीत त्याला सगळे लिफ्टवालेच म्हणत. दारावर नावाची पाटी होती, पण कुरिअरवालासुद्धा खाली येऊन लिफ्टवाल्यांचं घर कुठलं, असंच विचारायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मशीन समोरून उघडणारं होतं. गोल काचेचं दार लावलं की आतलं लॉक टक् करून ते पकडायचं, आणि लॉकने दार पकडल्याची खात्री झाल्याशिवाय मशीन पाण्याचा थेंब घ्यायचं नाही. आता बिजागरी खाली बसली होती आणि लॉकही झिजलं होतं. दार लागायचं, टक् व्हायचं नाही, मशीन नुसते दिवे लुकलुकवत बसायचं.

पहिल्या रविवारी कुठलीशी लिफ्ट अडकली. दुसऱ्या रविवारी त्याने मशीनचं वरचं झाकण काढलं, आत डोकावून पाहिलं, "लॉक गेलंय, पार्ट लागेल" असं निदान केलं आणि झाकण परत बसवलं. एक स्क्रू उरला. तो खिडकीत ठेवून स्वारी अंघोळीला गेली.

सोमवारी संध्याकाळी बायकोने सरळ मशीनच्या कंपनीच्या मेकॅनिकला फोन लावला. लिफ्टवाल्याच्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती इथून.

बायको एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. सकाळची शाळा करून ती साडेबाराला घरी यायची. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, मुलांनी काय फोडलं त्याची नोंद ठेवायची, यात तिची अठरा वर्षं गेली होती. साहजिकच मेकॅनिकने "काय होतंय?" असं विचारल्यावर तिने इतर गिऱ्हाइकांसारखं "चालतच नाही हो" असं रडगाणं गायलं नाही. वही उघडून वाचून दाखवलं. "दार नुसतं लावलं तर टक् होत नाही. जरा वर उचलून लावलं तर पाचातून एकदा होतं. उचलून उजवीकडे दाबलं तर पाचातून तीनदा."

स्पीकरवरून आवाज आला, "ताई, माझं अर्धं काम तुम्हीच केलंत की."

लिफ्टवाला तेव्हा नुकताच कामावरून येऊन बूट काढत होता. एक बूट हातातच राहिला. अर्धं काम! लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, आणि आपल्या कामातलं अर्धं सोडा, पाव कामही तिला जमेल असं त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"पार्ट गोदामातून यायला वीस दिवस लागतील," आवाज म्हणाला. "तोवर तात्पुरतं काहीतरी करू. एखादा जाड पुठ्ठा आहे घरात?"

पुठ्ठा निघाला तो लिफ्टवाल्याच्याच नव्या बुटांच्या खोक्यातून. बायकोने त्याची तीनपदरी घडी केली, फोन कान आणि खांदा यांच्यात धरला, एका हातात बॅटरी घेतली आणि दुसऱ्या हाताने बिजागरीखालची फट शोधायला लागली. बॅटरीचा उजेड कधी छतावर, कधी साबणाच्या डब्यावर.

"अहो, जरा बॅटरी धरता का?"

"मी काय हेल्पर आहे?" तो म्हणाला.

हे बोलताना त्याला स्वतःलाच काहीतरी आठवलं आणि म्हणूनच ते जरा जास्त जोरात निघालं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तो घरातलं सगळं दुरुस्त करायचा. इस्त्री, रेडिओ, शेजाऱ्यांचा पंखासुद्धा. तेव्हा बॅटरी ती धरायची. "डावीकडे. अजून थोडं. हां, अश्शी," तो म्हणायचा, आणि ती हलवायची. त्याच्यापेक्षा त्याच्या हातांकडेच तिचं लक्ष असायचं. मग कामं वाढली, रविवार कमी पडायला लागले आणि ती बॅटरी कपाटात गेली.

शेवटी मुलीने येऊन बॅटरी धरली. पुठ्ठा बसला, दार केसभर वर आलं. बायकोने गुडघ्याने उजवीकडून रेटलं. टक्. मशीनने पाणी घेतलं.

"झालं!" बायको ओरडली.

"वा ताई!" फोन म्हणाला. "आता दार एकदा ओढून बघा. उघडलं नाही ना? म्हणजे लॉकने पकडलंय. दर वेळी ओढून बघायचं. कपडे पिळायला लागायच्या आधी परत एकदा बघायचं, कारण पुठ्ठा हलतो. आणि एक करा, त्या लॉकच्या वायरींना कुणालाही हात लावू देऊ नका. तेवढाच एक पहारेकरी आहे त्या मशीनला."

कुणालाही म्हणजे कोणाला, हे लिफ्टवाल्याने बरोबर ओळखलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी सात वाजता फोन वाजायला लागला. दिवसभराच्या फेऱ्या संपल्या की तो मेकॅनिक विचारायचा, "आज काय म्हणतंय आपलं मशीन?"

आपलं! तीन मजले खांद्यावरून चढवलं कुणी? त्या दिवशी नेमकी सोसायटीचीच लिफ्ट बंद होती आणि लिफ्टवाल्याने घामाघूम होऊन, अख्ख्या जिन्याची थट्टा सोसत ते धूड वर आणलं होतं. आणि हा कोण कुठला, कानामागून आला आणि तिखट झाला, तो म्हणतो आपलं.

बायको मात्र खुशीत होती. पुठ्ठा भिजून लिबलिबीत झाला तेव्हा मेकॅनिकने विचारलं, याला काय करता येईल? तिने जुन्या रबरी चपलेचा तुकडा कापून बसवला. "ही युक्ती मला सुचली नव्हती," तो म्हणाला. कपडे कमी घातले की मशीन कमी धडधडतं आणि रबर सरकत नाही, हेही तिनेच शोधून काढलं. वहीची सात पानं भरली. प्रयोगशाळेतल्या वहीसारखी तिची शिस्त होती. तारीख, काय केलं, काय झालं. चुकीचं लिहिलं गेलं तर खरडून काढायचं नाही, एक सरळ रेघ मारायची आणि खाली बरोबर ते लिहायचं. रेघेखालचं वाचता आलं पाहिजे, असं ती मुलांनाही सांगायची.

"वय काय असेल गं त्याचं?" एकदा लिफ्टवाल्याने पेपरमागून विचारलं.

"कुणाचं?"

"त्या तुझ्या फोनवाल्याचं."

"मी काय जन्मतारीख विचारली त्यांना?"

"नाही, आवाज तरुण वाटतो."

मुलगी अभ्यास करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आई, जळल्याचा वास येतोय. मशीनचा नाही."

दोघी हसल्या. तोही हसला, पण त्याचं हसू ओठांच्या आत काही पोहोचलं नाही. खरं सांगायचं तर तो जळतच होता. बायको त्या माणसाला दादा म्हणते, तो तिला ताई म्हणतो, यात वावगं काही नाही हे त्याला कळत होतं. बायकोबद्दल त्याला संशय नव्हता. त्याला खुपत होतं ते निराळंच. तिचा तो कान देऊन ऐकणारा चेहरा, ती ओठ मुडपून फट शोधण्याची तऱ्हा, हे सगळं एकेकाळी त्याच्या मालकीचं होतं. ते त्याने कधी, कुठे ठेवून दिलं हे त्याला आठवत नव्हतं, आणि आता दुसऱ्या कुणाला ते आयतं सापडलं होतं.

त्यात भर सोसायटीची. शेजारच्या काकूंचं मशीन पिळताना खोलीभर चालायचं. काकू आल्या, लिफ्टवाल्याच्या अंगावरून सरळ आत गेल्या आणि बायकोला घेऊन गेल्या. तिने एका पायाखाली चकती सरकवली आणि मशीन जागेवर बसलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात सेक्रेटरी भेटले. "काय लिफ्टवाले, तुमच्या मिसेस तर भलत्याच हुशार निघाल्या!" निघाल्या म्हणे! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि त्याच संध्याकाळी फोनवर तो आवाज सांगत होता, "ताई, आमच्याकडे नवी भरती झालीय, त्यांना मी तुमच्या वहीबद्दल सांगतो. म्हटलं, गिऱ्हाईक असावं तर असं."

त्या शनिवारी लिफ्टवाल्याला अर्धा दिवस सुट्टी होती. बायको शाळेत परीक्षेच्या तयारीला थांबली होती, मुलगी कॉलेजात. तो मशीनसमोर उभा राहिला. बिजागरीखालून निळ्या रबरी चपलेचा तुकडा डोकावत होता. त्याकडे पाहता पाहता त्याने कामाची बॅग उघडली.

त्या बॅगेत तीन लाल वायरी असायच्या. लिफ्टचं गणित सोपं असतं. सगळ्या मजल्यांची दारं नीट लागली आहेत असा निरोप आल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. तपासणीच्या वेळी मात्र कधी कधी तिला दार उघडं असतानाही हलवावं लागतं, तेव्हा मेकॅनिक लाल वायर जोडतो आणि लिफ्टला खोटंच सांगतो की दार लागलंय. काम संपलं की पहिलं काम ती वायर काढायची. म्हणून ती लाल, म्हणून तिच्यावर नंबराची पट्टी, म्हणून दर सोमवारी मुकादम प्रत्येकाच्या वायरी मोजतो. फार वर्षांपूर्वी एक सहकारी अशी वायर विसरला होता. दार उघडं असताना लिफ्ट वर गेली आणि एका कारकुनाचा पाय गेला. सहकाऱ्याची नोकरी गेली. ही गोष्ट लिफ्टवाला दर वर्षी नव्या लोकांना सांगायचा. घरी पाहुणे आले की त्यांनाही सांगायचा, आणि शेवटी छातीवर हात ठेवून म्हणायचा, "बावीस वर्षांत माझ्या हातून एकदाही नाही." बायकोला ती शब्दन् शब्द पाठ झाली होती.

झाकण काढायला त्याला दोन मिनिटं लागली, वायर जोडायला तीन. एक नंबरची आणि दोन नंबरची बॅगेच्या तळाशी होती, तीन नंबरची वर होती, म्हणून ती. हे काय लिफ्ट थोडीच आहे, तो स्वतःशीच म्हणाला, कपडेच तर आहेत. दोन दिवसांचा प्रश्न.

बायको आली तशी सवयीने गुडघा टेकून बसायला लागली.

"ते राहू दे," तो म्हणाला. "नुसतं दार लाव आणि बटण दाब."

मशीनने पहिल्या झटक्यात पाणी घेतलं. बायको बघतच राहिली. "अहो! काय केलंत?"

"बावीस वर्षं काय गोट्या खेळलो?"

"पण केलंत काय?"

"तुला काय करायचंय? चालतंय ना? आता ते ओढून बघणं वगैरे सगळं बंद. ती त्याची थेरं."

सात वाजता फोन आला. बायकोने कौतुकाने सांगितलं, "दादा, आज आमच्या ह्यांनी दुरुस्त केलं. गुडघा लागत नाही, रबर लागत नाही, काही नाही."

"काय केलं त्यांनी?"

"सांगतच नाहीत."

"जरा त्यांना देता का?"

लिफ्टवाल्याने दोन्ही हातांनी खुणा केल्या आणि तो अंघोळीला गेलाय असं बायकोला सांगायला लावलं. ही त्याची त्या दिवसातली तिसरी अंघोळ होती.

"बरं," आवाज म्हणाला. "सोमवारी दुपारी पार्ट घेऊन येतोच आहे. तेव्हा बघू."

रविवारी त्याने मशीनला कुणाला हात लावू दिला नाही. दोन वेळा स्वतः कपडे घातले, स्वतः काढले, चादरींच्या घड्या करायला गेला आणि मुलीला हसून हसून ठसका लागला. दुपारी सगळे पडले होते तेव्हा त्याने हळूच वही उघडली. शनिवारच्या तारखेखाली बायकोच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'ह्यांनी दुरुस्त केलं.' त्याने ते वाचलं. वही मिटली. पुन्हा उघडून पुन्हा वाचलं. चोवीस वर्षांत त्याला कुणी इतकं सुंदर पत्र लिहिलं नव्हतं, आणि ते वाचताना वायर काढायची आठवण होणं शक्यच नव्हतं.

सोमवारी सकाळी मुकादमाने बॅग उघडली. "दोनच?"

"तिसरी घरी राहिली."

"घरी लिफ्ट बसवलीत की काय?"

सगळे हसले. तोही हसला, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या. संध्याकाळी गेल्या गेल्या काढायची, त्याने ठरवलं. मग आठवलं की दुपारीच तो माणूस येणार आहे. मग काहीतरी सांगून लवकर निघायचं ठरवलं. मग एका दवाखान्याची लिफ्ट बंद पडली आणि ठरवलेलं सगळं तिथेच राहिलं.

दीड वाजता शेजारच्या काकूंचा फोन आला. "घाबरू नका," काकू म्हणाल्या, आणि तो घाबरला.

तो तीन जिने धावत चढला. घराचं दार उघडंच होतं. बाथरूमबाहेरच्या जागेत सगळीकडे पाणी, पाण्यात एक पिळवटलेली चादर. बायको खुर्चीवर बसली होती, उजव्या मनगटाला जाडजूड पट्टी. तळमजल्यावरचे डॉक्टर बघून गेले होते. हाड मोडलं नव्हतं, नशीब, पण मनगट सुजलं होतं आणि दोन नखं काळीनिळी झाली होती.

"सवयीने ओढलं हो," ती म्हणाली. "पिळायला लागायच्या आधी बघायचं असतं ना, म्हणून ओढलं. दार उघडलंच. आत सगळं फिरत होतं. पाणी अंगावर आलं आणि चादरीचं टोक हाताला गुंडाळलं गेलं. काकूंनी प्लग काढला."

"ओढायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना मी!" असं त्याच्या तोंडात आलं. जिभेच्या टोकापर्यंत आलं. पण मशीनपाशी कुणीतरी गुडघे टेकून बसलं होतं.

इतके दिवस ज्याच्या नावाने तो जळत होता तो माणूस ना तरुण होता ना म्हातारा. डोकं विरळ, चष्म्याला दोरी, शर्टाच्या खिशात टेस्टर. हाताची नखं लिफ्टवाल्याच्या नखांसारखीच, कडेने काळी. नाव ठेवायला काही सापडेना याचाही त्याला राग आला.

"झाकण मी काढतो," लिफ्टवाला पुढे झाला. "थांबा, मी काढतो."

"राहू द्या, माझं कामच आहे." मेकॅनिकने स्क्रू काढले. "एक कुठे गेला?"

"खिडकीत आहे," बायको म्हणाली.

झाकण वर गेलं. मेकॅनिकने बॅटरी लावून आत पाहिलं आणि तो तसाच राहिला. मग त्याने दोन बोटांनी, मेलेली पाल उचलावी तशी, एक लाल वायर बाहेर काढली. तिच्या टोकाला पांढरी पट्टी होती. पट्टीवर तीनचा आकडा.

"ही कुणी जोडली?"

बायकोने वायरीकडे पाहिलं. बावीस वर्षं ती कामाच्या पँटचे खिसे धुण्याआधी तपासत आली होती. त्यात कितीदा तरी लाल वायर सापडली होती, आणि कितीदा तरी ती तिने काळजीने बॅगेत ठेवली होती, सोमवारी मोजतात म्हणून. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"मी जोडली," ती म्हणाली.

"तुम्ही?"

"मोबाइलवर बघून."

मेकॅनिकने चष्मा काढला. "ताई, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला. अगदी पहिल्या दिवशी. लॉकच्या वायरीला हात नाही लावायचा."

"हो."

"हात गेला असता. मी बघितलाय असा हात." त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मी तिथे पोरांना सांगतो, एक ताई आहेत, सगळं लिहून ठेवतात, सांगितलेलं तंतोतंत करतात. आता काय सांगू? नाही, चूक माझीच आहे. फोनवरून असलं शिकवायला जायचंच नाही. उद्यापासून बंद. पार्ट येईपर्यंत मशीन वापरू नका, एवढंच सांगायचं आणि फोन ठेवायचा."

बायको मान खाली घालून ऐकत होती. तिच्या प्रयोगशाळेत हातून काचेचं भांडं फुटलेलं मूल उभं राहतं तशी ती बसली होती. पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हाताने मांडीवर धरला होता.

लिफ्टवाला दारात उभा होता. गेले तीन आठवडे मनात जे जे मागितलं होतं ते सगळं त्याच्या पदरात पडलं होतं. उद्यापासून सातचा फोन नाही. वा ताई नाही. आपलं मशीन नाही. त्या माणसाच्या नजरेतून ती उतरली होती, आणि उतरली होती ती फक्त त्याची छातीवर हात ठेवून सांगायची गोष्ट शाबूत राहावी म्हणून. गप्प बसलं की झालं. त्याला कुणी काही विचारलंही नव्हतं.

"मी जोडली," तो म्हणाला.

तो दारातून पुढे आला.

"अहो, तुम्ही गप्प बसा ना," बायको पटकन म्हणाली.

"मी जोडली. माझी वायर आहे ती. तिला ठाऊकही नव्हतं. तिने फक्त दार ओढून बघितलं, तुम्ही शिकवलं होतं तसं. तिचं काही चुकलेलं नाही."

मेकॅनिकने वायरीवरचा आकडा पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही काय काम करता?"

काहीही सांगता आलं असतं. कंपनीत आहे, फिटर आहे, वायरिंग बघतो.

"लिफ्टचं," तो म्हणाला. "बावीस वर्षं."

मेकॅनिकने दोन शिव्या घातल्या असत्या तर लिफ्टवाल्याला बरं वाटलं असतं. पण त्याने वायर नुसती समोर धरली. लिफ्टवाल्याने ती घेतली आणि खिशात घातली. मग मेकॅनिकने खोक्यातून नवं लॉक काढलं, चष्मा चढवला आणि सवयीने बॅटरी मागे केली. "ताई, जरा धरता?"

बायकोने हात पुढे केला आणि कळ येऊन मागे घेतला.

"मी धरतो," लिफ्टवाला म्हणाला. तो तसाच कामाच्या कपड्यांत पाण्यात गुडघे टेकून बसला.

"डावीकडे," मेकॅनिक म्हणाला.

त्याने बॅटरी डावीकडे केली.

"अजून थोडं," खुर्चीवरून बायको म्हणाली. "खालच्या स्क्रूवर. हां."

ती सांगेल तशी तो बॅटरी हलवत राहिला. पाऊण तासात बिजागरी वर आली, लॉक बसलं. दार लावलं. टक्. मेकॅनिक उठला, हात पुसले आणि म्हणाला, "ताई, ओढून बघा."

बायकोने डाव्या हाताने ओढलं. दार हललं नाही. तिने पुन्हा एकदा ओढलं, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

"हे लिहून ठेवा," मेकॅनिक म्हणाला. "मी विचारीन." आणि जिना उतरून गेला.

बायकोने वही मांडीवर ओढली, पेन उचललं, पण पट्टीतली बोटं मिटेनात. तिने वही नवऱ्यापुढे केली.

"काय लिहू?" त्याने विचारलं. "नवीन लॉक बसवलं, असं?"

"ते नंतर. आधी शनिवारचं नीट करा."

त्याने पान उलटलं. तारखेखाली ती ओळ होती, गोल अक्षरातली. पेनाने ती खरडून टाकायला त्याने हात खाली नेला.

"असं नाही," बायको म्हणाली. "एकच रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे."

त्याने मुलीच्या टेबलावरची फूटपट्टी घेतली, 'ह्यांनी दुरुस्त केलं' या शब्दांवरून एक सरळ रेघ ओढली, आणि खाली आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, 'लॉकला लाल वायर मी जोडली. नंबर तीन.'